फाइलला लावू नये

४ फेब्रुवारी

अहो,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. परवाच फोनवर बोललो आणि वर हे पत्र, म्हणजे काहीतरी झालं असणार असं तुम्हाला वाटेल, म्हणून आधीच सांगते. कारण नुसतं कागदपत्रांचं आहे.

काल सुट्टीच्या दिवशी वकीलबाईंकडे गेले होते. तुम्हाला इकडे बोलवायची फाइल त्याच लावणार आहेत. दाखल्यांची यादी झाली आणि मग म्हणाल्या, नवरा-बायकोचं नातं चालू आहे याचा पुरावा द्या. मी मोठ्या तोऱ्यात आपले मोबाइलवरचे चार वर्षांचे निरोप छापून नेले होते. सात पानं भरली. 'जेवलात का?' 'हो.' 'आई?' 'बऱ्या.' 'झोपते.' 'झोप.' एकेका ओळीचा अर्थ मी त्यांना सांगितला. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, हा संसार आहे की दवाखान्यातला तक्ता?

इथे व्हिसासाठी कागदावरची लग्नं लावणारे फार आहेत म्हणे, त्यामुळे साहेब लोक संशय घेतात. त्यांना हाताने लिहिलेली पत्रं लागतात, तारखेची, तिकीट लावलेल्या पाकिटातली. तेव्हा आता पत्रं लिहायची. चौदा वर्षं संसार केला तो धरत नाहीत, चौदा पत्रं धरतील.

यादी वेगळ्या कागदावर लिहिली आहे. एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पोलिसांचा दाखला सहा महिने चालतो, डॉक्टरचा तीन. म्हणून आधी पोलीस, मग डॉक्टर. उलटं केलंत तर एक हातात येईपर्यंत दुसरा शिळा होईल. तीस जूनपर्यंत फाइल गेली की डिसेंबरात तुमचा व्हिसा होतो. डिसेंबरातच माझ्या परमिटची पाच वर्षं पुरी होतात, म्हणजे मलाही इथला कायमचा कागद मिळेल. मग दरवर्षीचं ते रांगेत उभं राहणं संपलं.

माझ्या आईचंही विचारलं. यांच्या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि पोरं. आई त्यात बसत नाही. पण दादा 'माझ्याकडे राहील' म्हणालाच आहे, तेव्हा ती काळजी नाही.

राणीसरकार, म्हणजे मी सांभाळते त्या आजीबाई, हाका मारतायत. त्यांची घंटा दर दहा मिनिटांनी वाजते. पत्र लिहा.

तुमची
(हे लिहावं लागतं म्हणे.)


२२ फेब्रुवारी
फाइलसाठी

प्रिय पत्नीस,

तुझी फार आठवण येते. इकडील हवा चांगली आहे. उभयतांचे प्रेम दिवसेंदिवस वाढतच आहे.

झालं का साहेबाचं समाधान? आता त्याला म्हणावं पुढचं वाचू नको, आमच्या घरातलं आहे.

पोलिसांच्या कचेरीत जाऊन आलो. खिडकीवरच्याने विचारलं, कुठला देश? म्हटलं भूमध्य समुद्रातलं ते बेट. त्याने भिंतीवरच्या नकाशात शोधलं आणि बोट ठेवलं, तर अख्खा देश बोटाखाली झाकला गेला. म्हणाला, एवढ्याशा जागेत जायला चारित्र्य कशाला लागतं? मग उद्या या म्हणाला. मी उद्याही गेलो. तो जेवायला गेला होता.

फोटो काढला. दोन्ही कान दिसले पाहिजेत आणि हसायचं नाही असं फोटोवाल्याने बजावलं. त्याला म्हटलं, बाबा, दोन दिवस पोलीस कचेरीच्या बाकावर बसून आलोय, हसू काढायचं म्हटलं तरी निघणार नाही.

दुकानातलं सामान मी घरी आणलंय. बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं आहे आणि गिऱ्हाइकं शिलाई मशीन घेऊन घरीच येतात. दुकानात धूळ फार होते. दाराला वरच्या अंगाला एक कडी बसवली. आईंचं जुनं पायमशीनही खोलून ठेवलं आहे, पण त्याचा बिघाड काही केल्या सापडत नाही.

आई बऱ्या आहेत.

तुझा आज्ञाधारक नवरा


१४ मार्च

अहो आज्ञाधारक,

'प्रिय पत्नीस' वाचून मला वाटलं कुणाची नोटीस आली. पण वकीलबाई खूश झाल्या. असंच चालू द्या, फक्त जरा गोड लिहा, म्हणाल्या. त्यांना म्हटलं, तो माणूस चहातसुद्धा साखर घेत नाही.

आपल्या दोघांसाठी भाड्याने घेतलेली खोली तपासायला सरकारी माणूस येऊन गेला. फीत घेऊन त्याने लांबी-रुंदी मोजली, खिडकी उघडून पाहिली आणि दोन माणसांना पुरेल एवढी हवा आहे असं लिहून दिलं. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते आणि ती आणि आमची यांच्या फटीतून बोटभर समुद्र. वारा एवढा खारट की दाराची कडी गंजते. तुम्ही आलात की तेल घालायचं काम तयारच आहे. दुसरी उशी आणून ठेवली आहे. रिकामी बरी दिसत नाही म्हणून तिच्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते.

आता दोन गोष्टी कळल्या नाहीत. वीस वर्षं तुम्ही त्या दुकानात बसलात, धूळ आत्ता कशी बोचायला लागली? आणि आईच्या मशीनमध्ये एवढं काय आहे? तुम्ही तर रस्त्यावरून जाताना दुसऱ्याच्या घरातलं मशीन ऐकून सांगता की बॉबिन तिरकी बसली आहे. आणि कडी वर कशाला? चोर काय खालच्या कडीला घाबरत नाहीत?

आईशी बोलून महिना झाला. मी फोन करते तेव्हा ती एक तर झोपलेली असते, नाही तर अंघोळीला. इतकी स्वच्छ आई आमची कधीच नव्हती. तिला म्हणावं, लेकीसाठी एक दिवस पारोशी राहा.

दाखले पाठवा. साडेतीन महिने राहिले.

तुमची


५ एप्रिल
फाइलसाठी

प्रिय पत्नीस,

आठवण वगैरे आहेच.

रागावू नकोस. एक घोटाळा झालाय. डॉक्टर ओळखीचा निघाला, लगेच तपासतो म्हणाला, म्हणून मी ती तपासणी आधी उरकून घेतली. छाती, रक्त, डोळे सगळं उत्तम. पोलिसांचा दाखला अजून यायचा आहे, तोवर डॉक्टरचा शिळा होणार. तू बजावलं होतंस, माझ्या डोक्यातून गेलं. फोटोही परत आले, पाठीमागचा पडदा पांढरा हवा होता तो निळसर निघाला. लग्नाच्या दाखल्यावर शिक्का मारायला गेलो तर म्हणाले ही खिडकी नव्हे, ती खिडकी. त्या खिडकीवर गेलो तर म्हणाले ही खिडकी गुरुवारी उघडते. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आईंचं मशीन अजून उघडंच आहे. त्या शेजारी बसून बघत असतात. त्यांना बरं वाटतं.

पुन्हा तपासणी करून घेतो. बेट कुठे पळून जात नाही.

तुझा


२९ एप्रिल

अहो,

हे पत्र वकीलबाईंना दाखवणार नाही.

पोलिसांचा दाखला मिळाला. पाकीट जिन्यातच फोडलं. दाखला मागच्या सप्टेंबरचा आहे. पासपोर्ट नवा केलात तेव्हा काढलेला जुना कागद तुम्ही मला पाठवलात, आणि तो गेल्या महिन्यातच संपला. मी तशीच पायरीवर बसले. वरच्या मजल्यावर राणीसरकारांची घंटा वाजत होती आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.

तुम्हाला मी ओळखते. केसाएवढी सुई सरकली तरी तुम्हाला जेवण जात नाही. गिऱ्हाइकाला मंगळवार सांगितलात तर सोमवारी मशीन तयार असतं. असा माणूस तीनदा तारीख चुकवेल? डॉक्टर आधी, फोटो निळा, दाखला जुना. यातली एक चूक मी पोटात घातली असती. तीन म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

दादाचा फोन लागत नाही. वहिनीने एकदा उचलला आणि 'दूध उतू जातंय' म्हणून ठेवला. त्या घरचं दूध महिनाभर उतू जातंय.

म्हणून सरळ विचारते. तिकडे कुणी आहे का? घराला वर कडी घातलीत, दुकान घरात आणलंत, आईला माझ्याशी बोलू देत नाही. असेल तर सांगा. मी चार वर्षं दुसऱ्यांची अंथरुणं बदलतेय, ओरडायचं बळसुद्धा उरलं नाही. ऐकून घेईन आणि कामाला लागेन.

आणि एक. त्या सात पानांत मी मुद्दाम शोधलं. चार वर्षांत एकदाही तुम्ही 'ये' म्हणाला नाहीत. दर वर्षी परमिट नवं करायची वेळ आली की मी विचारते, करू का? आणि तुमचं उत्तर, 'तुझं तू बघ.' किती बघू मी एकटी?

उत्तर पाठवा.


१६ मे
फाइलला लावू नये

बये,

कुणी आहे. तुझी आई आहे.

फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली, पण तुझा आवाज इतका दमलेला असतो की नुसतंच 'जेवलीस का' विचारून ठेवून दिला. आता सगळं लिहितो. बसून वाच.

गेल्या थंडीपासून आई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग वार, मग शेगडी. डॉक्टर म्हणाले हे मागे फिरणारं दुखणं नाही. तुझी फाइल ठरली तेव्हा मी दादाला सगळं सांगितलं. तो घेऊन गेला. अकराव्या दिवशी आईंना दारात सोडून गेला, पिशवीसकट. आतही आला नाही. त्याला नावं ठेवत नाही. त्याच्याकडे दोघं कामाला जातात, आणि आई तिथून दोनदा निघून गेल्या होत्या. एकदा बसथांब्यावर सापडल्या. पोरीला शाळेतून आणायला निघाले होते, म्हणाल्या. ती पोरगी म्हणजे तू. म्हणून दाराला वर कडी. म्हणून दुकान घरात.

मी त्यांचा जावई आहे हे त्यांच्या ध्यानात नाही. मशीन दुरुस्त करायला मिस्त्री आलाय अशी त्यांची समजूत आहे, आणि ती काही अगदीच खोटी नाही. सकाळी उठल्या की मला बघून विचारतात, 'मिस्त्री, किती वेळ लागेल?' मी म्हणतो, 'आजचा दिवस जाईल, बाई.' मग त्या निवांत होतात. शेजारी बसतात, मला सुया काढून देतात, कामात खोट काढतात. एकदा मी ते पायमशीन खरंच जोडून दिलं. पट्टा घातला, दोन टाके घालून दाखवले. आई म्हणाल्या, 'झालं ना काम? मग निघा आता. घरात पुरुषमाणूस नाही.' मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो आणि आत त्या घाबरून रडत होत्या, पण मला आत घेईनात. दीड तास गेला. तेव्हापासून रोज पहाटे त्या उठायच्या आत मी मशीन पुन्हा खोलतो. कधी शटल काढतो, कधी धाग्याचा ताण बिघडवून ठेवतो. दुरुस्ती चालू आहे तोवर मिस्त्रीला घरात थारा आहे.

तुझ्या फाइलचंही मी तेच केलं. चूक झाली नाही, चुका केल्या. ताकाला जाऊन भांडं लपवत बसलो. फाइल पुरी झाली असती तर मला निघावं लागलं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. कारण कळलं असतं तर नोकरी सोडून धावत आली असतीस. तुझं परमिट तू काम करतेस त्या घराच्या नावावर. सोडलंस की ते गेलं आणि पाच वर्षांची मोजणी परत पहिल्यापासून. सात महिन्यांसाठी चार वर्षं पाच महिने मातीत घालायचे, हे मला नको होतं.

रोज चारच्या सुमाराला आई दारात उभ्या राहतात आणि विचारतात, 'पोरगी आली का?' मी सांगतो, 'वाटेत आहे.' तेवढ्याने त्यांचं भागतं. चार महिने तू वाटेतच आहेस.

मी तुला फसवलं. त्याबद्दल जे बोलायचं ते बोल.


६ जून

अहो,

काय बोलू? तुमचं पत्र आलं तेव्हा मी राणीसरकारांची नखं कापत होते. त्या झोपल्यावर वाचलं. मग त्यांच्याच न्हाणीघरात नळ सोडून रडले.

आता माझंही ऐका. राणीसरकार मला त्यांच्या लेकीच्या नावाने हाक मारतात. लेक सहा वर्षांत आलेली नाही. पहिल्यांदा मी सांगितलं, मी ती नव्हे. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तेव्हापासून मी 'ओ' देते. त्या विचारतात, उद्या जाणार नाहीस ना? मी म्हणते, नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मला लाज वाटायची. एका म्हातारीला मी लेक म्हणून घास भरवते आणि तिकडे माझी आई परक्या मिस्त्रीकडे माझी चौकशी करते. तुमच्याबद्दल कोण बाई आहे म्हणून विचारलं, त्याचीही लाज वाटते.

वकीलबाईंकडे गेले, फाइल थांबवा सांगायला. कारण सांगता येईना म्हणून तुमचं पत्रच त्यांना ओळीओळीने समजावून दिलं. मशीनपाशी आल्यावर त्यांनी लिहिणं थांबवलं. शेवटी म्हणाल्या, 'हे पत्र लावा. यानंतर कुठलाही साहेब या लग्नावर संशय घेणार नाही.' मी म्हटलं, 'बाई, पण तो येणार नाही असंच यात लिहिलंय.' त्या म्हणाल्या, 'हो. तरीही.' मी पत्र परत घेतलं. फाइल त्यांच्या कपाटात आहे, सुतळी बांधलेली.

रजा वर्षाला पंधरा दिवस मिळते. पंधरा दिवस येऊन काय करू? आईला ओळख पटेपर्यंत माझी निघायची वेळ होईल.

म्हणून आता तुम्हीच सांगा. 'ये' म्हणा, मी सगळं टाकून येते. 'राहा' म्हणा, डिसेंबरपर्यंत कळ काढून राहते. पण देवाशपथ, 'तुझं तू बघ' म्हणू नका. मला आता बघवत नाही.

तुमची


२४ जून
फाइलला लावू नये

बये,

राहा.

पाच दिवस विचार करून लिहितोय. आईंना मी पुरतो. कसं धरायचं, कसं उठवायचं ते शेजारच्या परिचारिकेने शिकवलं. आता केससुद्धा विंचरतो. वेणी तेवढी तिरकी येते, पण त्याबद्दल गिऱ्हाइकाची तक्रार नाही. तू आलीस तर एकाच्या जागी दोन जीव दमतील आणि तुझे कष्ट पाण्यात जातील. डिसेंबरला कागद हातात घे, मग काय ते ठरवू. तोवर तू वाटेत आहेस, एवढं मी सांगत राहीन.

न्हाणीघरात नळ सोडत जाऊ नकोस. पाणी वाया जातं आणि आवाज तरीही ऐकू येतो.

तुझा


१३ जुलै

अहो,

बरं. राहते.

उकाडा फार आहे. राणीसरकारांना आता उचलून बसवावं लागतं. खोलीची मुदत सहा महिन्यांनी वाढवून घेतली, माझ्या एकटीच्या नावाने. दुसरी उशी घडवंचीवर ठेवली.

आज चार वाजता काम थांबवून जिन्यात दोन मिनिटं उभी राहिले. तिकडचे चार इथे कधी वाजतात ते मला ठाऊक आहे, पण मी आपली इथल्याच चारला उभी राहते. आई विचारेल तेव्हा सांगा, निघाली म्हणून.

तुमची


१ ऑगस्ट

बये,

फोनवर बोलता येणार नाही म्हणून लिहितोय. आई आहेत, जेवतात, ताप वगैरे नाही. आधी एवढं वाचून घे.

मंगळवारी सकाळी मशीन खोलून बसलो होतो. आई उठून आल्या, शेजारी बसल्या. 'मिस्त्री, किती वेळ लागेल' हे काही आलं नाही. मी वाट पाहिली. मग मीच म्हटलं, 'आजचा दिवस जाईल, बाई.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहिलं. सुईचा डबा पुढे केला तो त्यांनी धरला नाही. चार वाजले, पाच वाजले, त्या दाराशी गेल्या नाहीत. बुधवारी तेच. मला वाटलं दमल्या असतील. काल पाचवा दिवस होता. मी दाराची वरची कडी काढून ठेवली, दार सताड उघडं ठेवलं, आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी मी मशीन जोडलं. सगळं घातलं जागच्या जागी, तेल दिलं आणि एका चिंधीवर टाके घालून पाहिले. टाका सुतासारखा सरळ आला. आई शेजारीच होत्या. मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो की आता तरी 'निघा' म्हणतील. म्हणाल्या नाहीत. चिंधी पाकिटात घातली आहे. त्यांच्या मशीनवरची आहे, ठेव तुझ्याजवळ.

गेल्या पत्रात 'राहा' लिहिलं होतं, ते मी खोडतो. तुझे कष्ट, परमिट, डिसेंबर, सगळं मला ठाऊक आहे. चार वर्षं मी 'ये' म्हणालो नाही, कारण मी म्हटलं असतं तर तू आली असतीस, आणि मग ते ओझं माझ्या माथी आलं असतं. मी भित्रा माणूस. आणि रोज चार वाजता माझ्या मनातलं आईच बोलून दाखवायच्या, मला नुसतं उत्तर द्यायचं असायचं.

आता या घरात ते विचारणारं कुणी राहिलं नाही. म्हणून मीच विचारतो.

कधी येतेस?